कॉट बेसिसवरचे सडे स्वार

चाकणजवळच्या महाळुंग्यात सकाळचे सव्वासात झालेत. नाइट संपवून तुम्ही कंपनीच्या बसमधून नाक्यावर उतरता. पायांत अजून सेफ्टी शूज, पाठीवर सॅक, सॅकमध्ये रिकामी बाटली. रात्रभर लाइनवर उभं राहून पोटऱ्यांचा दगड झालाय. समोरच्या तीनमजली इमारतीच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘कॉट बेसिस. फक्त बॅचलर.’ जिन्याखाली वीसेक मोटारसायकली एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्यांच्या नंबरप्लेटा वाचल्या तरी कोण कुठून आलंय ते कळतं. 22 परभणी, 23 बीड, 24 लातूर, 26 नांदेड. इथला 14 एखादाच.

तळमजल्यावर घरमालकीण काकू दारापुढे सडा घालताहेत. शेण मिळेनासं झालं, अंगणाच्या जागी फरशी आली, तरी बादलीत हात बुडवून पाणी भिरकावायची लकब तीच आहे. शेजारी नवीन राहायला आलेली बाई विचारते, ‘वर कोण राहतं हो?’ काकू हात न थांबवता सांगतात, ‘कोण राहणार? सगळी सडीफटिंग पोरं. पण गुणाची हायेत.’

हातात सडा आणि तोंडीही सडा. काकूंना त्यात काही विशेष वाटत नाही. बोलीत हे दोन शब्द शेजारी राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत. पहिला सडा घराचा. तो दारापुढे पडला की येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं, या घरात कोणीतरी उठलंय, चूल पेटणार आहे. दुसरा माणसाचा. ज्याच्यासोबत बायकोपोरं नाहीत, सामानसुमान नाही, तो सडा. तुमचा कोकणातला रूम पार्टनर तिसराही सांगेल: गावाच्या वरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार, ज्याच्यावर पावसाळ्यापुरती फुलं येतात, त्यालाही ते सडाच म्हणतात. मला यांतला माणसाचा सडा शोधायचाय. तो कुठून चालत आला, आणि या भिंतीपर्यंत कसा पोचला? त्यासाठी तुम्ही फक्त झोपायचं आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सहा कॉट आहेत. खिडकीजवळची तुमची, पण पूर्ण वेळ नाही. फर्स्ट शिफ्टचा पार्टनर सहाला उठून गेला. तो येईपर्यंत ती तुमची. गादीत त्याच्या पाठीचा खळगा पडलाय, चादर अजून कोमट आहे. त्या खळग्यात तुम्ही पाठ टेकता. पंखा कुरकुरत असतो. डोळा लागतो, भिंती विरतात, आणि अंगाखालची ऊब तेवढी तुमच्याबरोबर खाली उतरू लागते.

डोळे उघडता तेव्हा वर पत्रा आहे. 1978 चा मार्च महिना, जागा पिंपरीतली खराळवाडी. पुणे–लोणावळा लोकल याच महिन्याच्या 11 तारखेला सुरू झालीय आणि खोलीत तिचं कौतुक अजून संपलेलं नाही. चौघे पार्टनर आहात. एकजण बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून मग इकडे आलेला. एकजण आयटीआय करून टेल्कोत लागलेला. तिसरा आकुर्डीला बजाजच्या लाइनवर चेतक जोडतो. ती स्कूटर मिळायला लोकांना नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. चेतक हे राणा प्रतापच्या घोड्याचं नाव. हा घोडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे ज्वारी डोलत होती. 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पिंपरीत पेनिसिलिन बनू लागलं. 1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी, एकामागून एक शेडं उठत गेली. ही हकिगत सगळ्यांना माहीत आहे. मला तुम्हाला ऐकवायचा आहे तो एक प्रश्न. उद्या रविवारी तुम्ही जरा बरी खोली शोधायला निघाल, तेव्हा प्रत्येक दारात तो विचारला जाईल: ‘फॅमिली की बॅचलर?’

तुमचं लग्न झालंय. गावी दोन पोरं आहेत, धाकटी अजून रांगते. तरी तुम्ही उत्तर देता, ‘बॅचलर.’ घरमालकालाही ते खोटं वाटत नाही. त्याने लग्नाबद्दल विचारलेलंच नसतं. सोबत बाईमाणूस आहे का, पोरंबाळं आहेत का, भांडीकुंडी आहेत का, एवढंच त्याला हवं असतं. शाळेच्या इंग्रजी पुस्तकातला बॅचलर अविवाहित असतो. पिंपरीतला बॅचलर दोन लेकरांचा बाप असू शकतो. शब्द साहेबाच्या भाषेतून आला, पण इथे येऊन त्याने अर्थ घेतला तो सड्याचा. भाषेत असं घडतं तेव्हा कोणी नोंद घेत नाही, म्हणून मी इथे थांबलो.

आणि साहेबाच्या भाषेत तरी हा शब्द कुठून आला? जुन्या फ्रेंचमधून. इंग्रजीत तो शिरला तेव्हा, सातशे वर्षांपूर्वी, बॅचलर म्हणजे तरुण सरदार-शिपाई. स्वतःचा झेंडा उभारण्याइतकी ऐपत किंवा वय नसलेला, दुसऱ्याच्या झेंड्याखाली लढणारा घोडेस्वार. त्याच्या घोड्यामागे घरदार नसे. पुढे घोडा गेला आणि घरदार नसणं तेवढं अर्थात उरलं. महाळुंग्याच्या भिंतीवर रंगाऱ्याने लिहिलेल्या त्या शब्दात फ्रान्सचा एक घोडेस्वार बसला आहे.

पत्र्यावर पाऊस वाजू लागतो. त्या आवाजात तुम्ही आणखी खाली जाता.

आता अंगाखाली कॉट नाही, चटई आहे. 1921 साल, परळ. खोलीत पेट्या आणि वळकट्या भिंतीला लावून ठेवलेल्या, दोरीवर धोतरं, कोपऱ्यात घासलेटचा दिवा. तुम्ही गिरणीत साच्यावर काम करता. गाव कुठलं? चाकणच्या पलीकडचं, खेड तालुक्यातलं. यात काही चूक झालेली नाही. आज ज्या खेड तालुक्यात दुरून दुरून पोरं येऊन कॉट भाड्याने घेतात, त्याच तालुक्यातली पोरं शंभर वर्षांपूर्वी मुंबईत वळकटी पसरत होती. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी. डोंगराच्या कडेची शेती पोटाला पुरत नव्हती आणि बोरीबंदरची गाडी तळेगावावरून जात होती.

खोलीत किती जण राहतात ते मोजता येत नाही, कारण सगळे एका वेळी कधी खोलीत नसतातच. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्यांच्या चटयांवर पडतात. कोमट चटई तुम्हाला ओळखीची वाटते. सगळे गाववाले, भावकीतले, एकाने दुसऱ्याला गिरणीत चिकटवलेले. त्या वर्षीच्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका निघाल्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे या शहरातला जवळजवळ निम्मा पुरुष सडा आहे. आणि यातल्या बहुतेकांची लग्नं झालेली आहेत.

जेवायला तुम्ही खाणावळीत जाता. खाणावळ म्हणजे चाळीतलीच एक खोली, जिथे एक बाई पंचवीस जणांच्या भाकऱ्या थापते आणि महिन्याच्या पगाराला हिशेब घेते. पगार कापला गेला, संप झाला, तरी ताट वाढते. या बायकांचं नाव कामगार चळवळीच्या इतिहासात फार उशिरा आलं. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा बँकेचं दार उघडलं. मला हा उशीर फार लागतो. लाखभर सडे पुरुष ज्या हातांवर जगले, ते हात हिशेबात धरायला शंभर वर्षं लागावीत?

आणखी एक गोष्ट पाहा. सकाळी नऊच्या सुमारास दादरला डोक्यावर लाकडी खोका घेऊन पळणारी पांढऱ्या टोपीतली माणसं दिसतात. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये हे काम सुरू केलं. डबेवाले तुमच्याच मुलखातले, मावळ-खेडचे. घरच्या बाईच्या हातचं जेवण हापिसातल्या नवऱ्याला गरम पोचवायचं हे त्यांचं काम. आणि त्यांच्या स्वतःच्या बायका? त्या गावी, भामा नि भीमेच्या खोऱ्यात. दुसऱ्याच्या घरचा डबा डोक्यावर वाहणारा माणूस स्वतः रात्री गाववाल्यांच्या खोलीत पिठलं शिजवतो.

शेजारच्या चटईवरचा म्हातारा, ज्याला पत्र लिहिता येत नाही, तुम्हाला मजकूर सांगतो. ‘लिही, आमी हितं सडंच हाय, खर्च कमी लागतो, पैसं धाडतो. म्हशीला औशद द्या.’ तुम्ही लिहिता. सडा या शब्दाचा असा उपयोग तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय. खर्च कमी लागतो. यात रडगाणं नाही, हिशेब आहे. मी सडा आहे म्हणजे मला कोणी नाही असं तो म्हणत नाही. माझं ओझं मी तुमच्याकडे ठेवून आलोय, म्हणून मला लांब जाता येतं, असं म्हणतो.

हाच हिशेब पुढे उलटा फिरला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यातून हजारो माणसं पेट्या-वळकट्या घेऊन गावी परतली. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. एकाच वर्षात एक शहर मिटू लागलं आणि दुसऱ्याच्या नावावर शिक्का बसला. पण आपण उलट्या दिशेने निघालो आहोत, तेव्हा चला.

डोक्याखाली काहीतरी टणक लागतं. हात लावून बघता तर खोगीर. अंगावर घोंगडी, नाकात घोड्याचा वास, थंडी कडाक्याची. 1728 चा फेब्रुवारी. गोदावरीच्या खोऱ्यात कुठेतरी, पालखेडच्या वाटेवर. तंबू नाहीत. तुमच्या पाचशे पावलांच्या टापूत एकही चूल नाही. पहिल्या बाजीरावाची फौज झोपली आहे, आणि तिला म्हणतात सडी फौज.

इथे सडा शब्द आपल्या घरी आहे. सडा स्वार म्हणजे ज्याच्या घोड्यावर तो स्वतः आणि त्याचं हत्यार एवढंच. सडी फौज म्हणजे जिच्यासोबत तोफांचे गाडे नाहीत, बाजार नाही, कुटुंबकबिला नाही. सड्याच्या विरुद्धार्थी शब्द ‘संसारी’ असेल असं तुम्हाला वाटलं होतं. छावणीत तो वेगळाच आहे: बुणगे. लढत नाहीत पण खातात अशी माणसं आणि सामान, म्हणजे बुणगे. घोड्यावर बसल्या बसल्या तळहातावर कणसं चोळून खाणाऱ्या बाजीरावाची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो ती या सडेपणाचीच. निजामाचा तोफखाना जड होता, वाटेत मागे पडत गेला, पाण्यापासून तुटला. पालखेडला निजाम अडकला तो त्याच्या ओझ्यामुळे.

पहाटे घोड्यांना वैरण टाकताना शेजारच्या शेकोटीवर बोलणं चाललंय. तुम्ही कोण, हे त्यांना कळत नाहीये. ‘पागेतले का?’ पागेतला म्हणजे बारगीर. घोडा सरकारचा, बसणारा हा. नाही. ‘मग शिलेदार? कोणाच्या पथकातले?’ शिलेदाराचा घोडा स्वतःचा, पण बहुधा तो आपल्यासोबत पाच-दहा स्वार घेऊन येतो. तुमच्यासोबत कोणी नाही. तेव्हा म्हातारा स्वार मान हलवतो आणि म्हणतो, ‘अस्सं. एकांडा.’

एकांडा. मराठी फौजेत हा एक प्रकारच होता. कोणाच्या पथकात न मिसळता, आपलं घोडं आणि आपलं हत्यार घेऊन, आपल्या जोरावर चाकरीला उभा राहणारा स्वार. त्याचा मुशाहिरा त्याच्या घोड्याकडे आणि त्याच्याकडे बघून ठरे. आज वर्तमानपत्रात एखाद्या हट्टी कार्यकर्त्याला ‘एकांडा शिलेदार’ म्हणतात तेव्हा त्यात जो मान ऐकू येतो, तो या शेकोटीवरचा आहे. म्हाताऱ्याच्या आवाजात दया नाही. तो सरकून तुम्हाला जागा करून देतो.

पण त्या मानाची किंमत काय, तेही बघून घ्या. बारगिराचा घोडा मेला तर सरकारचा गेला. शिलेदाराचा आणि एकांड्याचा घोडा मेला तर त्याचं स्वतःचं शेत गेल्यासारखं. म्हणून ऐन लढाईतही असा स्वार घोडा जपतो, आणि त्यासाठी त्याला नावं ठेवली जातात. तुम्हाला आठवतो तो खालच्या मजल्यावरचा पोरगा. कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर त्याने पार्सल पोचवायचं काम धरलं. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, हप्ता स्वतःचा. मोशीजवळ गाडी घसरली, गुडघा फुटला, तेव्हा तो आधी गाडीचं काय झालं ते बघत होता. शब्दार्थाने बघितलं तर तो एकांडा शिलेदार आहे. आणि लाइनवर मालकाच्या मशीनवर आठ तास उभे राहणारे तुम्ही बारगीर. तीनशे वर्षांपूर्वीचा हा भेद आज चाकणच्या एकाच जिन्यावर नांदतोय.

पालखेडनंतर तेहतीस वर्षांनी हीच फौज पानिपतावर उभी राहील तेव्हा ती सडी नसेल. सोबत बायका असतील, यात्रेकरू असतील, बाजारबुणगे असतील. कबिला आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवून सडे होऊन लढावं, असा सल्ला सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर यांनी दिला होता असं बखरी सांगतात. तो मानला गेला नाही. 14 जानेवारी 1761 नंतर महाराष्ट्रात घराघरांतल्या बायकांना सडा शब्दाचा अर्थ कळला असेल, तो वेगळाच.

घोड्याने फुरफुर केली. तुम्ही खोगिरावर डोकं ठेवता, आणि ते खोगीर दगड होतं.

खरोखरचा दगड. तुम्ही एका लेण्याच्या तोंडाशी पडला आहात, खाली शिंदे-वासुलीची झाडी, लांब इंद्रायणीचं खोरं. भामचंद्र डोंगर. साल 1630 च्या आसपासचं, तेव्हा पाऊस नव्हता आणि माणसं अन्नावाचून मेली. त्या माणसांत देहूच्या एका वाण्याची पहिली बायको होती. तो वाणी या डोंगरावर येऊन बसला. पुढे भंडारा डोंगरावरही बसत असे. तुकोबांचं हे बसणं सड्याचं नाही आणि एकांड्याचंही नाही. त्यासाठी भाषेत वेगळा शब्द आहे: एकांत. एक आणि अंत. ज्या जागेला एकच टोक आहे, पलीकडून कोणी येणार नाही, ती जागा. एकांत हे माणसाचं वर्णन नाही, जागेचं आहे. कोणीही त्यात जाऊन बसावं आणि उठून यावं. झाडं-वेलींना सोयरे म्हणणारा अभंग ज्या माणसाने लिहिला तो एकलकोंडा असणं शक्य नाही. एकलकोंड्याला सोयरे नकोसे असतात.

आणि या एकांताचंही पोट होतं. परंपरा सांगते की दुसरी बायको, जिजाई, रोज भाकरी बांधून तो डोंगर चढायची. एकदा पायात काटा मोडला, आणि तिने ज्याला आयुष्यभर बोल लावले त्या विठ्ठलाने येऊन तो काढला. काटा देवाने काढला ही गोष्ट मोठी, पण मला रोजची भाकरी मोठी वाटते. दुष्काळातून उरलेल्या घरात पीठ मिळवायचं, थापायचं, चढायचं, हाका मारत शोधायचं. मुंबईतली खाणावळवाली, महाळुंग्यातली मेसची मावशी, या सगळ्यांच्या आधी ही चढण आहे.

2008 मध्ये याच शिंदे-वासुलीत एका परदेशी रसायन कंपनीचं केंद्र येणार होतं, तेव्हा वारकरी टाळ-मृदंग घेऊन रस्त्यावर उतरले आणि ते केंद्र गेलं. एमआयडीसी डोंगराच्या पायथ्यापर्यंत आली आहे. सुटीच्या दिवशी तुम्ही पार्टनरच्या गाडीवरून तिथे गेलात तर वर जाऊन बसा. अजून बसता येतं.

इथे मला थांबून एक सांगितलं पाहिजे. हे वाचणाऱ्या तुम्ही बाई असाल, तर आत्तापर्यंतच्या प्रत्येक दारात तुम्हाला अडवलं असतं. कॉट मिळाली नसती. परळच्या त्या खोलीत चटई नसती. छावणीत तुम्ही बुणग्यांत धरल्या गेल्या असतात. सडा हा शब्द पुरुषाला चालतो, घोड्याला चालतो. ‘सडी’ फौज असते, सडी बाई नसते. एकांडी म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. एकट्या बाईसाठी भाषेने ठेवले ते शब्द असे: विधवा, परित्यक्ता, टाकलेली, सोडलेली. सगळ्यांत एक पुरुष आहे, मेलेला किंवा निघून गेलेला. बाईचं एकटेपण मराठीने तिच्या नावावर कधी लिहूनच दिलं नाही. चाकणच्या वायरिंगच्या कारखान्यांत आज विदर्भातून आलेल्या मुली रांगेने बसतात, त्याही भाड्याच्या खोल्यांत चौघी-चौघी राहतात, आणि त्यांच्यासाठी अजून कोणी शब्द पाडलेला नाही. बोर्डावर नुसतं ‘लेडीज’ असतं.

तरी गेल्या काही वर्षांत एक शब्द उगवलाय आणि त्यासाठी आणखी खोल जावं लागेल. एकल महिला. मराठवाड्यातल्या बायकांच्या संघटनांनी तो धरला, करोनात नवरे गेलेल्या बायकांच्या कामात तो गावोगाव पोचला. विधवा नको, परित्यक्ता नको, एकल म्हणा. तो शब्द नवा वाटतो. तो किती जुना आहे ते बघायला डोळे मिटा.

बाराव्या शतकातलं, गुजरातेतलं अणहिलवाड पाटण. हेमचंद्र नावाचा जैन आचार्य प्राकृताचं व्याकरण लिहितोय. एका सूत्रात तो दोनच शब्दांची सोय लावतो: नव आणि एक. या दोघांना ‘ल्ल’ प्रत्यय लागतो, विकल्पाने. नवल्ल आणि एकल्ल. त्या पहिल्यापासून आपलं नवल आलं, दुसऱ्यापासून एकला, एकल. ही दोन भावंडं आहेत, एकाच सूत्रात जन्मलेली. नवल आणि एकलेपण. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

अजून खाली. आता अंगाखाली सारवलेली जमीन आहे. पैठणला सातवाहनांचं राज्य आहे, इकडे जुन्नरच्या नाणेघाटातून बैलांचे तांडे कोकणात उतरताहेत, घाटमाथ्यावर दगडी रांजण उभा आहे. महाराष्ट्री प्राकृत बोलणारी ही माणसं. हाल राजाच्या नावावर त्यांच्या सातशे गाथा आहेत आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारं माणूस म्हणजे पहिअ, वाटसरू. गावाबाहेर कामाला, व्यापाराला, लढाईला गेलेला. पण गाथा त्याच्या तोंडून बोलत नाहीत. त्या बोलतात मागे राहिलेल्या बाईच्या बाजूने. त्यांतली एक बाई नवरा गेल्यापासूनचे दिवस मोजायला भिंतीवर रेघा ओढते, आणि पहिल्याच अर्ध्या दिवसात तिची भिंत भरून जाते.

तुम्ही त्या घरात शिरत नाही. तुम्ही तिचा नवरा आहात, तुम्ही घाटात आहात, तांड्यासोबत. तिची भिंत तुम्हाला कधीच दिसणार नाही. दारापुढे तिने घातलेला सडा वाळत चाललाय आणि तुम्ही चढणीवरून वळून बघताय, पण गाव केव्हाच झाडीआड गेलं.

कोणीतरी दार वाजवतं.

मेसचा पोरगा डबा ठेवून गेलाय. दोन वाजलेत. घामाने चादर पाठीला चिकटली आहे. तोंड धुऊन तुम्ही डबा उघडता: चार चपात्या, मटकी, भात, आमटी. भिंतीवर कालनिर्णय टांगलंय, त्यावर तुमच्या हाताने मारलेल्या फुल्या आहेत. मेसचे खाडे. ज्या दिवशी डबा घेतला नाही त्या दिवसावर फुली, म्हणजे महिनाअखेरी मावशींशी हिशेब जुळतो. पार्टनरच्या फुल्या लाल पेनाने, तुमच्या निळ्या. दिवाळीच्या आठवड्याभोवती तुम्ही कधीतरी गोल करून ठेवलाय, पेन दोनदा फिरवून.

फोन वाजतो. घरून. आई विचारते, ‘जेवलास का बाळा?’ तुम्ही सांगता, जेवतोय. ती विचारते, भाजी कशाची? तुम्ही सांगता. मग ती फोन सुनेकडे देते, आणि पलीकडे काही क्षण नुसता श्वास ऐकू येतो, अंगणात कोंबड्या ओरडतात, कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज होतो.

‘झोप झाली का?’ ती विचारते.

‘झाली.’

साडेतीनला जिन्यावर बुटांचा आवाज येतो. फर्स्टवाला पार्टनर आत येतो, न बोलता सॅक खुंटीला अडकवतो. तुम्ही कॉटवरून उठता, चादर झटकता, उशी उलटी करून ठेवता. तो आडवा होतो आणि भिंतीकडे तोंड करतो. ‘गरम हाय रे अजून,’ म्हणतो, आणि लगेच झोपतो.